मनोळीचा तिसरा प्रहर

कणकुंबीला पाऊस लागला की आम्हा जांबोटीकरांचं लक्ष हब्बनहट्टीच्या मारुतीकडे असतं. देऊळ पाण्यात गेलं की समजायचं, मलप्रभा आता उतार देणार नाही. खाली सौंदत्तीच्या काळ्या रानात पाऊस बेताचाच पडतो. तिथे नदी फुगते ती वरच्या, आमच्याकडच्या पाण्याने. १८०० सालच्या जुलैत मनोळीला, म्हणजे आजच्या मुनवळ्ळीला, माणसं बुडाली ती याच पाण्यात.

३० जून १८००. धोंडजी वाघ हा टिपूच्या कैदेतला सरदार. वर्षापूर्वी श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा सुटला आणि स्वतःला ‘उभयलोकाधीश्वर’ म्हणवू लागला. त्याने कित्तूरच्या बाजूला पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखले यांना गाठून ठार केलं. पुतणे बापू गोखले जखमी होऊन निसटले. त्यानंतर गोखल्यांची फौज धोंडजीविरुद्ध कर्नल आर्थर वेलस्लीच्या, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या, जोडीला उभी राहिली. वेलस्लीच्या घोडदळात दोन गोऱ्या पलटणी होत्या, १९वी आणि २५वी लाइट ड्रॅगून्स. यातल्या २५वीला दोन वर्षांनी २२वा क्रमांक मिळाला, आणि १८१८ मध्ये आष्टीला बापू गोखले पडले ते याच पलटणीशी लढताना. मनोळीची हकिकत वाचताना हे मनातून जात नाही.

२९ जुलै, दिवस. तीन दिवसांपूर्वी डंबळचा किल्ला घेतलेला वेलस्ली अळगवाडीला येऊन उतरला. तिथून सौंदत्ती १५ मैल, मनोळी २६. ३१ तारखेपर्यंत तिथेच थांबायचा त्याचा बेत होता.

२९ जुलै, रात्र. इंग्रज अळगवाडीला आल्याची खबर लागताच धोंडजीने सौंदत्तीचा तळ मोडला आणि फौजेचे तीन भाग केले. एक दोडवाडकडे, एक जालिहाळकडे आणि तिसरा सगळं सामानसुमान घेऊन मनोळीला. पाठलाग चुकवायला फौज फोडणं ही जुनीच रीत आहे. पण त्यात सगळ्यांत जड आणि सगळ्यांत सावकाश चालणारा भाग भरल्या नदीच्या काठाशी गेला. तोफा, बैल, उंट, बाजारबुणगे, बायकामुलं, सगळं त्यातच. बैलाच्या चालीने चालणाऱ्यांना पुरात पार व्हायला होड्या लागतात आणि वेळ लागतो. त्यांच्यापाशी वेळच नव्हता.

३० जुलै, सकाळ. थांबायचा बेत सोडून वेलस्ली निघाला आणि परसगडाजवळच्या उगरगोळला पोचला. यल्लम्माच्या वाटेवरचं हे गाव आपल्याकडच्या भाविकांच्या पायाखालचं आहे. तिथे त्याला कळलं की धोंडजीचा गोट मनोळीला आहे. पायदळ दमलं होतं, तरी त्याने पुढे जायचं ठरवलं.

दुपारी ३. घोडदळ गोटावर तुटून पडलं. छावणी बेसावध होती. समोर तलवारी, पाठीशी पूर. गोटात जो सापडला तो एकतर कापला गेला नाहीतर नदीत लोटला गेला, असं वेलस्लीने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

धोंडजी तिथे नसावा, असं वेलस्लीचंच मत. पण सरदार बब्बर जंग होता. त्याने चिलखत चढवलं, घोड्यावर मांड टाकली आणि घोडा नदीत घातला. जमिनीवर वार झेलणारं ते लोखंड पाण्यात काय करणार? बब्बर जंग बुडाला. त्याच्यासारखे किती तरी बुडाले.

हत्ती, उंट, बैल आणि मोजता न येण्याइतके घोडे इंग्रजांच्या हाती लागले. बायकामुलंही लागली. एका लमाणांच्या नायकाचं कुटुंब त्यांत होतं. जवळच्या तांड्याने वेलस्लीकडे कौल, म्हणजे अभयाचं वचन, मागितला. त्याने कौल पाठवला, पण कुटुंब मात्र अडकवून ठेवलं. धान्य वाहणारा तांडा आपल्या बाजूला राहावा म्हणून माणसं ओलीस ठेवायची, या हिशेबाचा मला लढाईपेक्षाही जास्त राग येतो.

दिवेलागणीला. धोंडजीच्या तोफा आधीच पैलतीरी पोचल्या होत्या. त्या अलीकडून मारा करून पाडायचा प्रयत्न झाला. अंधार पडत चालला, पायदळाचे पाय उचलेनात, एखाददुसरा माणूस गेला, तेव्हा वेलस्लीने नाद सोडला. पुढे त्याचे काही गोरे शिपाई पोहत पलीकडे गेले, होडी मिळवली आणि सहा तोफा ताब्यात घेतल्या.

१ ऑगस्ट. वेलस्लीने कंपनीचा अधिकारी टॉमस मन्रो याला पत्र लिहिलं. बुणगे लुटले, तोफा घेतल्या, सुमारे ५,००० माणसं मलप्रभेत ढकलली, ती बुडाली. धोंडजीचे लोक त्याला सोडून चाललेत, ही करमणूक सध्या त्यांच्या फारशी पसंतीची दिसत नाही, अशा अर्थाचं वाक्य लगेच पुढे येतं. ते मी अनेकदा वाचलं आहे आणि दर वेळी हातातला कागद खाली ठेवावा लागला आहे.

१० सप्टेंबरला कोणगलला त्याच दोन गोऱ्या आणि दोन देशी पलटणींनी एका ओळीत धोंडजीच्या फौजेवर घोडे घातले. त्यात धोंडजीही पडला. १९वीला पुढे असईच्या लढाईबद्दल निशाणावर हत्ती मिळाला.

मनोळीचे ५,००० हा वेलस्लीचा अंदाज. बुडालेल्यांपैकी नाव त्याने एकाचंच लिहिलं, बब्बर जंगचं.