कोटल्याचा स्तंभ व पंडितांचें मौन

दिल्लीस जाणारा प्रवासी लाल किल्ला, कुतुबमिनार व राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय इतकें पाहून बहुधा कृतकृत्य होतो. त्याच नगरींत फिरोजशहा कोटल्याच्या पडक्या इमारतीवर अशोकाचा अस्सल स्तंभ उभा आहे, व त्याचा सातवा स्तंभलेख तर एकट्या याच स्तंभावर आढळतो; परंतु तिकडे फारच थोडे वळतात.

हा स्तंभ मूळचा तोपरा गांवचा. तो फिरोजशहा तुघलकानें (इ. स. १३५१–१३८८) दिल्लीस आणविला. हें कार्य चाललें तेव्हां तवारीखकार शम्स-इ-सिराज अफीफ हा बारा वर्षांचा होता. त्यानें केलेलें वर्णन मोठें मनोरंजक आहे. सांवरीच्या कापसाच्या राशी रचून खांब त्यांवर हळूहळू निजविला, बोरू व कच्चें कातडें यांनीं तो गुंडाळला आणि ४२ चाकांच्या गाड्यावर चढविला. प्रत्येक चाकाच्या दोरास २०० माणसें होतीं. पुढें यमुनेंतून नावांवर घालून तो राजधानीस आणला.

पण आमचें लक्ष वेधलें तें निराळ्याच मजकुरानें. खांबाच्या तळाकडे हिंदी अक्षरांच्या कांहीं ओळी होत्या, त्या वाचण्यास पुष्कळ ब्राह्मण बोलाविले, परंतु कोणासही त्या लागल्या नाहींत, असें अफीफ सांगतो. फिरोज नांवाचा सुलतान होईपर्यंत हा खांब कोणाच्यानें हलणार नाहीं, असा त्यांचा अर्थ कित्येकांनीं लाविला म्हणे!

ब्राह्मी लिपि त्या काळीं कोणास येत नव्हती हें खरें. ती जेम्स प्रिन्सेपनें १८३७ त उलगडली. परंतु याच स्तंभावर शाकंभरीच्या चाहमान विशालदेवाचे, म्हणजे चौथ्या विग्रहराजाचे, संवत् १२२० चे संस्कृत लेखही आहेत. पैकीं मोठा लेख अशोकाच्या लेखांच्या खालीं आहे. लिपि नागरी, आणि काळ फिरोजशहाच्या पूर्वीं अवघा दोनशे वर्षांच्या आंतला. तो ज्योतिषी तिलकराज याच्या समक्ष कायस्थ श्रीपतीनें लिहिला असें त्यांतच नमूद आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत अध्यापन केलेल्या कीलहॉर्न यांनीं पुढें हे लेख संपादिले. बेताच्या संस्कृतज्ञासही तो मजकूर लागावा असा आहे. मग दिल्लीच्या पंडितांसच तो कां लागूं नये?

लेखाचा आशय पाहिला म्हणजे उलगडा होतो. हिमालयापासून विंध्यापर्यंत जिंकून, म्लेंच्छांचा उच्छेद करून विशालदेवानें आर्यावर्त हें नांव पुन्हां सार्थ केलें, असें त्यांत म्हटलें आहे. हें सुलतानासमोर मोठ्यानें वाचून दाखविण्याचें धाडस कोण करील? वाचतां येत नाहीं म्हणणें हेंच शहाणपणाचें होतें. आणि सुलतानाच्या नांवाचें भविष्य सांगणारा तर त्याहून व्यवहारचतुर!

पंडितांना केवळ जुनीं अक्षरेंच दाखविलीं असतील, असा आक्षेप येईल. तो अगदींच निराधार नाहीं. तथापि ‘तळाकडे’ व ‘हिंदी’ हीं दोन्ही पदें खालच्या नागरी लेखासच अधिक जुळतात, असें आमचें मत आहे. मात्र आम्हीं हा मजकूर इंग्रजी भाषांतरावरून घेतला आहे. ज्यांच्या संग्रहीं अफीफच्या ग्रंथाची फारसी हस्तलिखित प्रत असेल त्यांनीं हीं दोन पदें मुळाशीं ताडून पाहावीं व पाठभेद असल्यास आम्हांस कळवावा.