प्रश्न कुणी विचारायचा? बायबलच्या गोष्टींची घरगुती कुळकथा

ख्रिस्ती घरात रात्रीची जेवणे आटोपली की मुलांना बायबलमधली एखादी गोष्ट सांगायची, ही रीत आपल्याकडे मिशनऱ्यांनी आणली असे सर्रास समजले जाते. शब्बाथ शाळा, रंगीत चित्रांची कार्डे, पाठ केलेली वचने, बक्षीस म्हणून मिळालेले चित्रांचे पुस्तक हा सगळा सरंजाम एकोणिसाव्या शतकातला. तेव्हा त्यामागची रीतही तेवढीच जुनी असणार, असा हा हिशेब. पण तो जुळत नाही. शब्बाथ शाळा इंग्लंडातल्या ग्लॉस्टर गावी १७८० च्या सुमारास रॉबर्ट रेक्स याच्या खटपटीने नावारूपाला आली, आणि ती मुळात आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब मुलांसाठी होती. घरात सांगितली जाणारी गोष्ट तिच्याहून निदान चौदाशे वर्षांनी वडील आहे. तिची वंशावळ लावत गेले की दिसते ते असे: गोष्टी फारशा बदलल्या नाहीत. काईन आणि हाबेल, नोहाचे तारू, योसेफ आणि त्याचे भाऊ हा ऐवज पिढ्यान्‌पिढ्या तोच आहे. बदलत गेले ते एवढेच, की गोष्टीभोवतीचा प्रश्न कुणी विचारायचा. या रिवाजाचे बरेवाईट त्यावरच ठरले, असे माझे म्हणणे आहे.

घरात मुलाला बायबलची गोष्ट कशी सांगावी याचे सविस्तर जुने वर्णन संत जॉन क्रिसोस्टोम याच्या लेखात मिळते. चौथ्या शतकाच्या अखेरीस, सीरियातल्या अंत्युखिया शहरातला हा गाजलेला धर्मोपदेशक. पोकळ मोठेपणा आणि मुलांचे संगोपन असा त्याच्या छोट्या ग्रंथाचा विषय आहे. हा ग्रंथ त्याचाच का, याबद्दल अभ्यासकांना बराच काळ शंका होती. आता तो त्याचाच मानला जातो. क्रिसोस्टोम सुचवतो ती पद्धत अशी. मुलगा अभ्यासातून मोकळा झाला की बापाने गोष्ट काढावी. नावे लगेच सांगू नयेत. एका बापाचे दोन मुलगे होते, एवढ्यावर थोडे थांबावे. मग एक शेती करी, दुसरा मेंढरे राखी, थोरल्याने देवापुढे हलके ते ठेवले, धाकट्याने आपल्याकडचे उत्तम आणले, असे एकेक पदर उलगडत जावे. आई शेजारी बसलेली असावी आणि तिने ऐकता ऐकता वाहवा करावी. एवढ्याने काम भागत नाही. दुसऱ्या एखाद्या रात्री बापाने मुलालाच म्हणावे, ती दोन भावांची गोष्ट सांग पाहू. पुढे याकोब आणि एसाव यांची गोष्टही झाली म्हणजे मोठी गंमत, कारण तीही दोन भावांचीच. मुलगा चुकून काईनची गोष्ट सुरू करू लागला तर त्याला थांबवून खूण द्यायची, नाव नाही. आणि शेवटी त्याला हाताला धरून देवळात न्यायचे, तेही जेव्हा हीच गोष्ट वाचली जाणार असेल तेव्हा. बाकीच्यांना जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे, या आनंदाने पोरगे उडी मारील, असे क्रिसोस्टोम म्हणतो. मुलांची नस ओळखणारा माणूस होता.

यात तात्पर्य नाही असे नाही. हेवा वाईट, देवापासून काही लपत नाही, हे बापाने सांगावेच, असे तो बजावतो. पण तात्पर्याआधीच गोष्ट मुलाच्या मनात आपले काम करू लागते, हेही तो ओळखून आहे. शिवाय बाप जे विचारतो ते परीक्षकाचे विचारणे नव्हे. उत्तर बरोबर की चूक हे तपासण्यापेक्षा गोष्ट मुलाच्या तोंडी आली का, हे तो पाहतो. सांगणारा बदलला की गोष्टीचा मालक बदलतो. क्रिसोस्टोमला नेमके तेच हवे आहे.

ही कल्पना त्याची स्वतःची म्हणावी का? तिचे जुने रूप यहुदी घरात दिसते. निर्गम आणि अनुवाद या दोन्ही पुस्तकांत पुढे तुमचे मूल विचारील तेव्हा त्याला मिसरातून सुटल्याची हकिकत सांगा, अशी आज्ञा पुन्हापुन्हा येते. म्हणजे गोष्टीला तोंड फुटते ते मुलाच्या प्रश्नाने. इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले, तिथला यज्ञ थांबला, आणि त्या सुटकेची आठवण करणाऱ्या वल्हांडण सणाच्या रात्रीचा सारा भार घरच्या ताटावर आला. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात त्या रात्रीचा क्रमच घालून दिला आहे: दुसरा प्याला भरला की मुलाने विचारायचे, आजची रात्र निराळी का. मुलाला विचारायचे सुचले नाही तर बापाने त्याला विचारायला शिकवायचे, आणि मुलाची समज असेल तसे सांगायचे. ख्रिस्ती परंपरेतही असे घर सुरुवातीपासून दिसते. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याला बाळपणापासून पवित्र शास्त्र ठाऊक होते असे नव्या करारात त्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात म्हटले आहे, आणि त्याच पत्रात त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे आहेत. वडील ग्रीक होते. शिकवण आली ती यहुदी कुळातल्या या दोघींकडून. यहुदी जेवणापासून क्रिसोस्टोमपर्यंत सरळ रेघ ओढता येईल असे मात्र मी म्हणणार नाही. यहुद्यांच्या सणांना जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर याच उपदेशकाने याच शहरात जहरी प्रवचने केली होती. दोन शेजारी घरांत एकच चाल असावी आणि एकाने दुसऱ्याचे तोंड पाहू नये, असे इतिहासात घडते.

मधली हजार वर्षे सामान्य ख्रिस्ती माणसाने गोष्टी पाहिल्या त्या देवळाच्या भिंतींवर आणि ऐकल्या त्या व्यासपीठावरून. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने घराला पुन्हा हाताशी धरले. त्याच्या १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरावलीत प्रत्येक भागाच्या मथळ्याला लिहिले आहे की घरच्या कर्त्याने आपल्या माणसांना हे सोप्या रीतीने कसे शिकवावे. त्याच वर्षी त्याने पवित्र इतिहासाची चित्रे असलेले छोटे पुस्तकही काढले. मुले आणि साधी माणसे चित्रांनी अधिक चटकन धरतात, आणि घराच्या भिंतींवरही ही चित्रे रंगवायला काय हरकत आहे, असे त्याचे म्हणणे. पण प्रश्नोत्तरावलीने एक वळण घेतले. हे काय, असा प्रश्न आता मोठा माणूस विचारू लागला आणि ठरलेले उत्तर मूल देऊ लागले.

हे वळण गोष्टींच्या पुस्तकात पक्के केले योहान ह्यूब्नर या शाळामास्तराने. १७१४ मध्ये त्याचे बायबलच्या गोष्टींचे पुस्तक निघाले: ५२ गोष्टी जुन्या करारातल्या, ५२ नव्या करारातल्या. वर्षाचे आठवडेही ५२, तेव्हा हिशेब उघड आहे. कोणतीही गोष्ट उघडा, मांडणी एकच. आधी गोष्ट, मग तिच्यावर नेमके प्रश्न, त्यांखाली उपयुक्त धडे, आणि शेवटी भक्तिपर पद्य. प्रश्न स्मरणासाठी, धडे समजुतीसाठी, पद्य मनाच्या निश्चयासाठी. इतके नेटके पुस्तक की ते शंभराहून अधिक वर्षे जर्मन घरांत आणि शाळांत चालले. १८३२ मध्ये क्रिस्टियान गोटलोब बार्थ या पाळकाने त्याच आकड्यांचे नवे पुस्तक काढले, आणि ते मिशनच्या वाटांनी जगभरच्या कितीतरी भाषांत गेले. या मांडणीत मूल काय विचारील याला कुठे जागाच नाही. प्रश्न आधीच छापून तयार आहेत.

ह्यूब्नरच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. अंत्युखियातला बाप खाऊनपिऊन सुखी, शिकलेला, वेळ असलेला. सगळ्याच घरांत तसा बाप नसतो. ज्याला स्वतःलाच गोष्ट अर्धीमुर्धी आठवते त्याला छापील प्रश्न आधाराला होतात. वर्गात चाळीस मुलांपुढे तर दुसरा उपायही नसतो. मला हे मान्य आहे. पण शाळेची अडचण घरात आणायचे कारण नाही. घरात मुले चाळीस नसतात, आणि ज्या बापाला उत्तर येत नाही तो मुलाबरोबर पान उलटू शकतो.

मराठीतला दाखला या बाबतीत बोलका आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले: सुमारे ११ हजार ओव्या, पहिला भाग जुन्या कराराचा, दुसरा नव्या कराराचा. काव्यातच त्याच्या जन्माची हकिकत आहे. गोव्यातल्या साष्टीत दोत्रिन, म्हणजे प्रश्नोत्तरावली, शिकवणे चालले असता बाप्तिस्मा घेतलेला एक ब्राह्मण पुढे होतो आणि पाद्रींना सांगतो की शिकवता ते चांगलेच आहे; पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण द्या. म्हणजे प्रश्नोत्तरावली हातात असतानाही लोकांना गोष्ट हवी होती. पुढेही काव्यात श्रोते मध्येच शंका काढतात आणि पाद्री-गुरू उत्तर देतात. पुराणाचा घाटच तसा आहे. श्रोत्याने विचारल्याशिवाय वक्ता पुढे सरकत नाही. प्रश्न पुन्हा ऐकणाऱ्याकडे आला. मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत हे पुराण विसाव्या शतकापर्यंत म्हटले जात होते. अहमदनगर भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले, नारायण वामन टिळकांनी ते पुढे नेले. कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्राएल या यहुदी मंडळींनीही १८८० च्या सुमारास बायबलच्या कथांवर कीर्तने सुरू केली. वल्हांडणाच्या रात्री मुलाने विचारायचे ते प्रश्न तर मराठीत १८४६ मध्ये मुंबईला आणि १८७४ मध्ये पुण्याला छापून आले.

आता मोठा आक्षेप. अजाण वयात गोष्टी भरवून श्रद्धा घडवणे म्हणजे मुलाच्या निवडीआधीच निवड करणे नव्हे काय? प्रत्येक घर मुलाला भाषा, चव, नाती असे न विचारता पुष्कळ देते. श्रद्धा तेवढी रिकामी ठेवणे हीही एक शिकवणच ठरते. तरी आक्षेपात तथ्य आहे, आणि ते लागू पडते तिथे, जिथे उत्तर ठरलेले आणि मूल फक्त ते परत देणारे. ज्या घरात मूल देवाने काईनचे अर्पण का नाकारले असे विचारू शकते, तिथे श्रद्धेबरोबर शंकाही वाढते. दुसरा आक्षेप गोष्टींच्या क्रौर्याचा. भावाचा खून, जलप्रलय, इसहाकावर उगारलेली सुरी. हे लहानांना कशाला? क्रिसोस्टोमने याचे उत्तर वयाच्या क्रमात दिले: भयंकर गोष्टी थोड्या मोठेपणी, नरकाचे बोलणे त्याहून पुढे. मुलांसाठीच्या छापील बायबलांनी सोपा मार्ग धरला. नोहाचे मद्यपान, दावीद आणि बथशेबा ही प्रकरणे हळूहळू गाळली गेली आणि उरली ती गुळगुळीत माणसे. अशा माणसांबद्दल मुलाला विचारण्यासारखे काही राहत नाही, आणि पंधराव्या वर्षी मूळ ग्रंथ उघडल्यावर आपल्यापासून हे लपवले गेले, अशी भावना होते ती वेगळीच.

आजही मुलांसाठीच्या कितीतरी बायबल-पुस्तकांत गोष्टीखाली चार-पाच प्रश्न छापलेले असतात. आईबापांनी, आजीआजोबांनी ते खुशाल वगळावेत. गोष्ट संपल्यावर लगेच काही विचारू नये. दोन-चार दिवसांनी मुलालाच ती सांगायला लावावी, आणि सांगता सांगता त्याने काही विचारले तर उत्तर येत नसले तरी त्याला गप्प करू नये.