कपाटात तिसऱ्याला जागा नव्हती

'हिटमॅन 2' हा गेम डेन्मार्कच्या आयओ इंटरॲक्टिव्हने नोव्हेंबर 2018 मध्ये आणला. त्यात मुंबईची एक लेव्हल आहे. चाळी, झोपडपट्टी, रेल्वे यार्ड, अर्धवट बांधलेला टॉवर आणि रस्त्यावर गर्दीच गर्दी. ही लेव्हल कोणाच्याही नजरेत न येता, सुरुवातीचा सूट शेवटपर्यंत न बदलता आणि 'मास्टर' या सर्वांत अवघड पातळीवर पार करायची, असं माझ्या धाकट्या भावाने ठरवलं होतं. एका शनिवारी रात्री तो बसला आणि मी शेजारी वही घेऊन बसले. रात्री 12.52 ला सगळं कोसळलं. तोपर्यंत काय काय घडलं, ते वेळेनुसार लिहिते आहे.

रात्री 9.05. अनर्थाला 3 तास 47 मिनिटे

मोहिमेचं नाव 'चेसिंग अ घोस्ट'. भाड्याचा मारेकरी एजंट 47, गुळगुळीत टक्कल, डोक्याच्या मागे बारकोड. भावाने त्याच्यासाठी काळा सूट आणि लाल टाय निवडला. लक्ष्यं तीन. रंगन टॉवरमध्ये बसलेला चित्रपट-निर्माता दाऊद रंगन. यार्डात स्वतःला राणी समजून राहणारी वान्या शाह. आणि 'मेलस्ट्रॉम' नावाने ओळखला जाणारा वझीर काळे, ज्याचा चेहरा कोणालाच ठाऊक नाही.

'सायलेंट असॅसिन' हा सर्वोच्च शेरा हवा असेल तर लक्ष्यांव्यतिरिक्त एकही माणूस मरता कामा नये. कोणी तुम्हाला गुन्हा करताना पाहता कामा नये. लपवलेलं शरीर कोणाला सापडता कामा नये. कॅमेऱ्यात दिसलात तर रेकॉर्डिंग नष्ट करावं लागतं. एरवी या गेममध्ये वेषांतर हेच मोठं हत्यार असतं. इथे न्हाव्याचे कपडे घालून काळेची दाढी करायला जाता येतं, चित्रकार बनून रंगनसमोर उभं राहता येतं. सूट न बदलण्याची अट घातली की ही दारं बंद होतात. त्यात मास्टर पातळीवर सेव्ह एकदाच करता येतं. पूर्ण लेव्हलमध्ये एकदाच.

"तो सेव्ह मी वापरणारच नाही," भाऊ म्हणाला. "अगदी शेवटच्या टार्गेटपर्यंत."

रात्री 9.30. अनर्थाला 3 तास 22 मिनिटे

त्याने अजून काहीच केलेलं नाही. गर्दीत मिसळून चालतो, एका कोपऱ्यावर उभा राहतो, बघतो, पुढे जातो. पाहणाऱ्याला हा भाग कंटाळवाणा वाटेल. मला तो सर्वांत आवडतो, कारण लपूनछपून खेळायच्या गेमची सगळी अक्कल इथे दिसते. इथल्या प्रत्येक माणसाचा दिनक्रम ठरलेला आहे. पहारेकरी चार ठिकाणी थांबतो, एका ठिकाणी सिगारेट ओढतो, एका ठिकाणी फोनवर बोलतो आणि पुन्हा पहिल्या जागी येतो. ही फेरी तोंडपाठ झाली की तो कधी पाठ फिरवणार हे आधीच कळतं.

ही परंपरा जुनी आहे. 1987 मध्ये हिदेओ कोजिमा 'मेटल गिअर' बनवत होते. एमएसएक्स2 या संगणकाला पडद्यावर एकाच वेळी फार शत्रू आणि गोळ्या झेपत नव्हत्या, म्हणून त्यांनी लढाईऐवजी लपण्याचा खेळ केला. 1998 मध्ये 'थीफ' आला. त्यात तुम्ही किती उजेडात आहात हे पडद्याखालचा एक मणी सांगायचा आणि गालिच्यावरचं पाऊल लोखंडी जाळीवरच्या पावलापेक्षा हलकं वाजायचं. त्याच वर्षी स्पेनमधून 'कमांडोज' आला. त्यातली हिरवी दृष्टीची पाचर दोन छटांची होती. जवळच्या फिकट भागात पाऊल टाकलं की मेलातच, लांबच्या गडद भागातून मात्र सरपटत गेलात तर सैनिकाला दिसत नाही. भाऊ लहान असताना शेजारच्या दादाकडे तो हाच गेम बघत बसायचा. थांबणं तो तिथेच शिकला.

रात्री 10.10. अनर्थाला 2 तास 42 मिनिटे

काळे सापडला. बाकीची लक्ष्यं भिंतीआडूनही लाल दिसतात, हा दिसत नाही. माहितीचे तुकडे गोळा करून, माणसांमागून फिरून तो कोण हे ओळखावं लागतं. इतक्या मोठ्या गर्दीत एकच माणूस हुडकायचा, ही कल्पनाच मला फार मोठी वाटते. मुंबईवर बेतलेल्या लेव्हलला याहून योग्य कोडं सुचलं नसतं.

एक खंतही नोंदवते. आडनाव काळे, पण बोलणं इंग्रजीत. या वस्तीतली माणसं एकमेकांशीही इंग्रजीतच बोलतात. दोरीवरचे कपडे, गल्ल्यांची वळणं, लोकांचे घोळके यांवर इतकी मेहनत घेणाऱ्यांनी कानांकडेही थोडं लक्ष द्यायला हवं होतं.

रात्री 10.35. अनर्थाला 2 तास 17 मिनिटे

यार्डाकडे उतरणाऱ्या वस्तीत एक बोळ आहे. कोणाचीच फेरी तिथून जात नाही, हे भावाने पाहून ठेवलं होतं. एका बाजूला कपाट, टोकाला पिंप. बोळाच्या तोंडाशी एक गुंड उभा. भावाने नाणं फेकलं. गुंड आवाजाकडे वळला, बोळात आला, मागून गळा आवळून बेशुद्ध, आणि थेट कपाटात. कपाटात गेलेलं शरीर कोणालाच सापडत नाही. चोख काम.

रात्री 10.50. अनर्थाला 2 तास 2 मिनिटे

माझ्या मते अनर्थ इथे झाला.

समोरच्या घराच्या पायरीवर दुसरा गुंड बसला होता. तो बोळाकडे बघतही नव्हता, त्याचं तोंड रस्त्याकडे होतं. भावाला मात्र बोळ पूर्ण मोकळी हवी होती. पुन्हा नाणं, पुन्हा तोच डाव, दुसराही कपाटात. सगळं इतकं सफाईने झालं की मी टाळी दिली.

या गेममध्ये कपाट असो, फ्रीजर असो की कचऱ्याची पेटी, आत दोनच शरीरं मावतात. भावाला हे माहीत होतं. प्रत्येक खेळणाऱ्याला माहीत असतं. ज्याच्यासाठी हे कपाट शोधलं तो काळे अजून यायचा होता.

रात्री 11.20. अनर्थाला 1 तास 32 मिनिटे

काळे चालत आला. भाऊ बोळाच्या भिंतीला चिकटून. पडद्याच्या मधोमध एक पांढरी कमान उमटली. कोणाला संशय येऊ लागला की ती त्या माणसाच्या दिशेने उमटते आणि भरत जाते. पूर्ण भरली की खेळ संपला. रस्त्यापलीकडची एक बाई थबकली होती. कमान पाव भरली, अर्धी भरली. भावाने अंगठा कंट्रोलरच्या काडीवर नुसता टेकवला आणि 47 ला कोपऱ्याच्या आत सरकवलं, हातभर सुद्धा नाही. कमान विरली. बाई पुढे गेली. तेवढ्यात काळे नाण्यापाशी वाकला.

फायबर वायर. या तारेची खुबी अशी की रक्त सांडत नाही आणि माणूस संपताक्षणी 47 त्याला ओढू लागतो, मध्ये वेळ जात नाही. भाऊ ओढत कपाटापाशी आला. दार उघडायची खूण पडद्यावर आलीच नाही. कपाट भरलेलं.

दुसरी पेटी रस्त्यापलीकडे होती. रस्ता माणसांनी भरलेला. त्याने काळेला बोळाच्या टोकाशी, पिंपामागे नेऊन ठेवलं.

"इथे कोण येतंय?" तो म्हणाला. आणि ते खरंच होतं. दीड तास तिथे कोणी आलं नाही.

रात्री 11.40 ते 12.25

रंगन टॉवर. थोडक्यात सांगते, कारण इथे सगळं बरोबर झालं. बांधकामाचे मजले चढायला भावाला अर्ध्या तासाहून जास्त लागला. मध्ये आईने जेवणाचं ताट त्याच्या मांडीशी आणून ठेवलं, ते तसंच निवलं. दाऊद रंगन इमारतीच्या मोकळ्या कडेला एकटा उभा राहिला तेव्हा मागून एक धक्का. कडेवरून पडून मेलेला माणूस अपघातात धरला जातो. तो सापडला, लोक ओरडले, तरी शेऱ्याला धक्का लागत नाही. खाली आरडाओरडा सुरू झाला आणि 47 जिना उतरू लागला. सेव्ह अजून शाबूत होता.

रात्री 12.40. अनर्थाला 12 मिनिटे

फक्त वान्या शाह उरली. यार्डाच्या तोंडाशी एक पहारेकरी हलायलाच तयार नाही. त्याच्या बाजूला एक पेला ठेवलेला. भावाच्या खिशात उंदराचं विष होतं. गेममध्ये ते प्यायलेला माणूस मरत नाही. त्याला मळमळायला लागतं आणि तो उलटी करायला सर्वांत जवळच्या मोरीकडे किंवा पिंपाकडे धावतो. वाट मोकळी होते.

रात्री 12.48. अनर्थाला 4 मिनिटे

पेल्यात विष पडलं. कोणी पाहिलं नाही. भाऊ वाळत घातलेल्या कपड्यांआड जाऊन बसला.

रात्री 12.51. अनर्थाला साधारण 40 सेकंद

पहारेकऱ्याने पेला उचलला, प्यायला, पोट धरलं. भावाने माझ्याकडे पाहिलं. आता शेवटचं लक्ष्य, समोर मोकळी वाट, आणि पावणेचार तास जपलेला एकुलता एक सेव्ह. त्याने मेन्यू उघडला आणि सेव्ह केलं.

पहारेकरी वळला. यार्डाच्या आत गेला नाही. वस्तीकडे चढू लागला.

"ताई," भाऊ म्हणाला, "काळेला मी कुठे ठेवलंय?"

रात्री 12.52

सर्वांत जवळचं पिंप त्याच बोळात होतं. पहारेकरी पिंपावर वाकला आणि त्याला मागे पडलेला माणूस दिसला. पडद्याच्या कोपऱ्यात छोटी चौकट उघडली. शरीर सापडलं की 'हिटमॅन 2' ते दृश्य तिथल्या तिथे दाखवतो. चौकटीत काळेचे पाय आणि पहारेकऱ्याची पाठ होती. सायलेंट असॅसिन संपलं.

रात्री 12.55 ते 1.40

सेव्ह होताच. भावाने तो पुन्हा उघडला. पण उघडल्यावर पहारेकऱ्याच्या पोटात विष गेलेलंच असायचं, तो निघालेलाच असायचा आणि बोळ 40 सेकंदांवर असायची. भाऊ पळत निघाला, तर मधल्या उघड्या रस्त्यावर दोघांच्या कमानी एकदम भरल्या. नाणं फेकलं, मळमळणाऱ्या माणसाने मान वळवली नाही. मागून गाठून पाडायचं म्हटलं, तर रस्ताभर साक्षीदार. गोळी घातली असती तर निरपराध माणूस मेला असता, म्हणजे शेरा तसाही गेला असता. कपड्यांच्या मागून, घरांच्या पाठीमागून, प्रत्येक वाटेने तो जाऊन आला. बोळापाशी पोहोचेपर्यंत दर वेळी चौकट उघडलेली असायची.

हे फार कठोर वाटतं आणि मला ते मान्य आहे. रात्रभराच्या सावध खेळातून एकच क्षण राखून ठेवायची मुभा, आणि राखला गेला तो क्षण आधीच वाया गेलेला. तरीही या रचनेला मी नावं ठेवणार नाही. गेमने कोणताही नियम मोडला नाही, नशिबाचा फासा टाकला नाही. पहारेकरी जवळच्याच पिंपाकडे गेला, जसा तो नेहमी जातो. काळे ठेवला तिथेच होता. पायरीवरचा गुंड जागच्या जागी बसू दिला असता तर कपाटात काळेला जागा होती आणि पहारेकरी उलटी करून मुकाट्याने परत गेला असता.

1.40 नंतर भावाने वान्या शाहला संपवून लेव्हल पुरी केली. मोहीम फत्ते झाली, पाच ताऱ्यांचा शेरा नाही.

मास्टर पातळीवर सूट न बदलता मुंबई खेळणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. ज्याच्यासाठी पेटी शोधली, त्याची जागा दुसऱ्या कोणाला देऊ नका. कोणाच्याही पेल्यात काही टाकण्याआधी जवळचं पिंप कुठे आहे ते बघून या. आणि तो एक सेव्ह वापरायचाच असेल, तर पाठवलेला माणूस आपल्या जागी परत येईपर्यंत थांबा, मगच बटण दाबा.