उद्यापनात दिलेल्या पोथ्या



श्रुतपंचमी जवळ आली की आपली तयारी सुरू होते. कपाटातल्या पोथ्या बाहेर काढायच्या, त्यांना हवा दाखवायची, जुनी वेष्टनं धुवायची, नवी शिवायची. वेष्टन शिवणं हे बायकांचं काम, हे न सांगता ठरलेलं आहे (आणि कुणाची शिवण वाकडी आली याची चर्चाही आपणच करतो). पण त्या वेष्टनाच्या आत जे आहे, ते आपल्यापर्यंत पोचवण्यात बायकांचा हात किती होता, हे प्रवचनात क्वचितच ऐकायला मिळतं. आज त्याबद्दल लिहिते.

श्रुतपंचमीची कथा तुम्हाला पाठच असेल. गिरनारच्या गुहेतले धरसेन आचार्य, त्यांचे शिष्य पुष्पदंत आणि भूतबली, षट्खंडागमाची रचना आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीला झालेली श्रुतपूजा. त्यानंतर कितीतरी शतकांनी वीरसेन स्वामींनी त्यावर धवला टीका लिहिली. ती इसवी सन ८१६ मध्ये पूर्ण झाली. तिचं प्रमाण ७२,००० श्लोक. श्लोक म्हणजे इथे ३२ अक्षरांचं माप, म्हणजे सुमारे २३ लाख अक्षरं झाली. कषायपाहुडावरची जयधवला ६०,००० श्लोकांची. ती वीरसेनांनी सुरू केली आणि त्यांचे शिष्य जिनसेन यांनी ८३७ मध्ये पुरी केली.

ताडपत्र काही अमर नसतं. वाळवी, दमट हवा, आग, कशानेही जातं. कुणीतरी पुन्हा लिहून घेतलं तरच ग्रंथ पुढे जातो, आणि एवढा मोठा ग्रंथ लिहून घ्यायचा तर लेखकाला वर्षानुवर्षं पोसावं लागतं. हे कुणी केलं? मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत धवलेच्या ताडपत्र प्रती आहेत. त्यांतल्या एकीच्या शेवटी लिहिलंय की, गंग घराण्यातल्या भुजबलगंग पेर्माडिदेवाची काकी देमियक्का हिने श्रुतपंचमी व्रताच्या उद्यापनात ही प्रत बन्नियकेरेच्या शुभचंद्र सिद्धांतदेवांना अर्पण केली. हा काळ १२व्या शतकाच्या आरंभीचा. महाबंधाच्या, म्हणजे ज्याला आपण महाधवल म्हणतो त्याच्या प्रतीतही असंच. सेन राजाची पत्नी मल्लिकव्वे हिने श्रीपंचमी व्रताच्या उद्यापनासाठी तो लिहवून घेतला आणि माघनंदी मुनींना दिला.

दोन बायका आणि दोघींच्या व्रतांची उद्यापनं! आपल्याकडे उद्यापन म्हटलं की स्टीलचे डबे, चांदीची वाटी, साड्या, जेवणावळ यांची यादी होते. त्यात वाईट काही नाही, मीही केलंय. पण त्या काळी उद्यापनाच्या यादीत २३ लाख अक्षरं बसत होती. त्याच कर्नाटकात १०व्या शतकाच्या अखेरीस अत्तिमब्बेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या १००० प्रती लिहवून वाटल्या होत्या, म्हणजे हा एखादीचा लहरी उपक्रम नव्हता. आहार, औषध, अभय आणि शास्त्र या चार दानांपैकी चौथं दानही बायकांनी आपलं मानलं होतं.

पुढे शतकानुशतकं या प्रतींचं मूडबिद्रीत फक्त दर्शन होत राहिलं. यात्रेकरू यायचे, हात जोडायचे, जायचे. जुनी कन्नड लिपी वाचणारं कुणी उरलं नव्हतं म्हटलं तरी चालेल. १८८३च्या सुमारास मुंबईचे सेठ माणिकचंद यात्रेला गेले आणि ही अवस्था पाहून अस्वस्थ झाले. त्यांनी सोलापूरच्या सेठ हिराचंद नेमचंदांना कळवलं. मग निधी जमवणं, मूडबिद्रीच्या पंचांची मनधरणी करणं, यात वर्षं गेली. १८९६ला नक्कल करण्याचं काम नेटाने सुरू झालं ते १९२२ला संपलं. २६ वर्षं आणि सुमारे २०,००० रुपये! ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्याय ही नकलेच्या कामातली मुख्य नावं. ब्रह्मसूरी मध्येच वारले, गजपतींनी काम पुढे नेलं.

अट अशी होती की नकलासुद्धा मूडबिद्रीतच राहायच्या. म्हणजे ताडपत्राच्या शेजारी कागद बंद होणार, इतकाच फरक.

इथे येते लक्ष्मीबाई, गजपतींची पत्नी. ती शिकलेली होती. ग्रंथ लोकांनी वाचावेत, शिकवावेत ही तिची तीव्र इच्छा होती. गजपतींनी गुपचूप आणखी एक कन्नड प्रत तयार केली, आणि त्यात विशेष हात लक्ष्मीबाईचा होता. पुढे डॉ. हिरालाल जैन यांनी छापील धवलेच्या प्रस्तावनेत ही गोष्ट स्पष्ट नोंदवली आहे. चूल, पाणी, सोवळं सांभाळून गुणस्थानांची आणि मार्गणांची अक्षरं उतरवणारी ती बाई मी पुष्कळदा डोळ्यांपुढे आणून पाहते.

आता खरा प्रश्न. ही चोरी झाली का? अचौर्य अणुव्रत आपण घेतलेलं असतं, आणि न दिलेलं घेणं म्हणजे चोरी इतकी सरळ व्याख्या आपल्याला लहानपणापासून शिकवलेली असते. १९१५च्या सुमारास गजपती ती प्रत घेऊन सोलापूरला गेले, योग्य मोबदला घेऊन ठेवून घ्या म्हणाले. हिराचंदांनी नकार दिला. ज्या माणसाने या कामासाठी वर्षानुवर्षं जीव टाकला, त्याच्या हातात ग्रंथ आपण होऊन आला आणि त्याने तो घेतला नाही! मूडबिद्रीला दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून. मला हे वाचून त्यांच्याबद्दल आदर वाटतो. पण मन विचाराल तर ते लक्ष्मीबाईकडे झुकतं. देमियक्काने ती पोथी दिली ती मुनींनी वाचावी म्हणून. तिने दिलेलं दान कुलूपात ठेवणाऱ्यांना, हे घेऊ नका, म्हणायचा हक्क कितपत होता? तुमच्यापैकी काहींना हे पटणार नाही. आमच्या घरातही यावर दोन मतं आहेत.

प्रत शेवटी सहारनपूरला लाला जंबूप्रसादांनी घेतली आणि आपल्या मंदिरात ठेवली. तिथे तिची देवनागरी नक्कल करणाऱ्या सीताराम शास्त्रींनी स्वतःसाठीही एक नक्कल करून घेतली, आणि त्यांच्यापासून पुढच्या प्रती आरा, कारंजा, अमरावती अशा गावी पोचल्या. गुपित एकदा फुटलं की फुटतंच. अमरावतीच्या कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या हिरालालजींनी याच नकलांवरून १९३९ मध्ये धवलेचा पहिला खंड हिंदी अनुवादासह अमरावतीहून काढला. पुढे १६ खंड झाले. संपादनात त्यांना मदत करणाऱ्यांत कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले आ. ने. उपाध्ये होते. ग्रंथ छापला गेल्यावर मूडबिद्रीकरांचंही मन वळलं आणि नंतरच्या खंडांसाठी मूळ ताडपत्रांशी ताडून पाहायची परवानगी मिळाली.

त्याचा उपयोग कुठे झाला पाहा. पहिल्या खंडातल्या ९३व्या सूत्रात मनुष्यिणीचा, म्हणजे स्त्रीचा विचार आहे. हाती आलेल्या नकलांमध्ये तिथे ‘संजद’ म्हणजे संयत हा शब्द नव्हता. संपादकांना अर्थाच्या ओघात तो हवा असं वाटलं आणि त्यांनी तळटीप दिली. त्यावरून समाजात केवढा वाद पेटला! लेख, सभा, पत्रकं. ही भावस्त्री की द्रव्यस्त्री, ही चर्चा मी पंडितांवर सोपवते, ती माझ्या आवाक्यातली नाही. पण मूडबिद्रीची ताडपत्रं उघडून पाहिली, तेव्हा तो शब्द तिथे होता.