व्याख्यानपीठ आणि पडदा

इ. स. १८७५ मध्यें न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं पुण्यांत वसंत व्याख्यानमाला सुरू केली. सुशिक्षितांचा सार्वजनिक व्यवहार इंग्रजीकडे झुकत असतां, समाजाच्या प्रश्नांची चर्चा मराठींत व भर सभेंत होऊं लागली. तथापि तिचा लाभ मुख्यतः सुशिक्षितांसच होई.

३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांस खुला झाला. चित्रपट मूक, पण कथा घराघरांतली, म्हणून निरक्षरासहि ती उमगे. तारामतीची भूमिका मात्र अण्णा साळुंके या पुरुषास करावी लागली. पडद्यावर येण्यास स्त्री मिळेना. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणारे रानडे ज्या रूढींशीं झगडले, त्यांचीच ही सावली होय.

पडदा संस्कृतीचें दर्शन घडवितो, व्याख्यान तिला प्रश्न विचारतें. तिची खरी ओळख होण्यास दोन्ही लागतात.