अडतीस सेकंद उशीर

आजचा भाग आहे ट्रायथलॉनच्या इतिहासावर. पण सुरुवात माझ्या एका थापेपासून करावी लागणार आहे.

गेल्या वर्षी मी गोव्यात हाफ आयर्नमॅन अंतराच्या शर्यतीत उतरलो होतो. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि लगेच २१.१ किलोमीटर धावायचं. मधे चहाला सुट्टी नाही. पोहून मी वेळेत बाहेर आलो. सायकलवर साठाव्या किलोमीटरच्या आसपास मागचं चाक पंक्चर झालं. ट्यूब बदलायची मी घरी कधी प्रॅक्टिसच केली नव्हती, फक्त यूट्यूबवर बघितलं होतं. टायर रिमवरून निघेना. निघाला तर नवी ट्यूब आत चिमटली आणि तीही फुटली. शेवटी मागून येणाऱ्या एका काकांनी स्वतःची ट्यूब दिली. या सगळ्यात अर्धा तास गेला आणि सायकलचा कटऑफ चार मिनिटांनी हुकला. एका स्वयंसेवक मुलीने "दादा, सॉरी हं" म्हणत माझ्या घोट्यावरची टायमिंग चिप काढून घेतली. निकालात माझ्या नावापुढे तीन अक्षरं आली: डीएनएफ. डिड नॉट फिनिश.

सोमवारी सकाळच्या स्टँडअप कॉलवर टीम लीडने विचारलं, "काय मग, आयर्नमॅन?" मी म्हणालो, "हो, झालं एकदाचं," आणि म्यूटवर गेलो. दुपारी केक आला. मी तो कापला. खाल्लासुद्धा.

तो केक काही पचला नाही. मग मी अशा वेळी नेहमी जे करतो तेच केलं. या खेळात 'पूर्ण करणं' म्हणजे नेमकं काय आणि ते ठरवलं कोणी, हे शोधत बसलो.

तीन खेळ एकत्र करायची कल्पना तशी जुनी. फ्रान्समध्ये १९२० च्या दशकात अशा शर्यती व्हायच्या. पण आज आपण जिला ट्रायथलॉन म्हणतो तिचा जन्म २५ सप्टेंबर १९७४ चा, कॅलिफोर्नियात, सॅन दिएगोच्या मिशन बे इथे. वार होता बुधवार, वेळ संध्याकाळची. म्हणजे लोक कामं आटपून आले होते! जॅक जॉनस्टोन आणि डॉन शॅनहॅन या दोन हौशी धावपटूंनी स्थानिक ट्रॅक क्लबच्या मदतीने ही शर्यत ठरवली. धावणं दहा किलोमीटरच्या जरा आत, सायकल आठ किलोमीटर आणि पोहणं साधारण साडेचारशे मीटर. क्रम आजच्या उलटा होता, पोहणं शेवटी. एकूण ४६ जण आले. शेवटचे लोक पाण्यात असतानाच अंधार पडला, तेव्हा किनाऱ्यावर गाड्या उभ्या करून हेडलाइट पाण्याकडे लावले गेले. मागे राहिलेल्याला घरी पाठवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

त्या ४६ जणांत जॉन आणि ज्युडी कॉलिन्स हे जोडपं होतं. जॉन अमेरिकन नौदलात अधिकारी. पुढे त्यांची बदली झाली हवाईला.

आता १९७७. ओआहू बेटावर एका रिले शर्यतीचा बक्षीस समारंभ चालू होता. धावणारे आणि पोहणारे एकत्र जेवायला बसले आणि वाद सुरू झाला की सगळ्यात फिट कोण? धावणारे म्हणतात आम्ही, पोहणारे म्हणतात आम्ही. कॉलिन्सने त्यात काडी टाकली. बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स ऑक्सिजन वापरण्याच्या क्षमतेत सगळ्यांच्या पुढे आहे असं त्याने वाचलं होतं, म्हणजे कदाचित सायकलवालेच भारी. आपल्याकडे असा वाद कट्ट्यावर रंगतो आणि बिल आलं की संपतो. इथे कॉलिन्स उठला आणि म्हणाला, एकदा बघूनच टाकू. बेटावर तीन मोठी अंतरं आधीपासून ठरलेली होती. वायकीकीचं समुद्रातलं पोहणं ३.८ किलोमीटर, बेटाभोवतीची सायकल ११५ मैल आणि होनोलुलू मॅरेथॉन ४२.२ किलोमीटर. सायकलचे तीन मैल कमी केले की ती पोहण्याच्या शेवटाला सुरू होऊन मॅरेथॉनच्या सुरुवातीला संपत होती. म्हणून ११२ मैल, म्हणजे १८० किलोमीटर. आज जगभर जे अंतर पवित्र मानलं जातं, ते एका बेटाच्या रस्त्यांची जुळवाजुळव आहे. आमच्या भाषेत, जुन्या तीन लायब्ररी आणून एकमेकींना चिकटवल्या आणि प्रॉडक्शनला टाकलं.

१८ फेब्रुवारी १९७८, शनिवार. १५ जण सुरुवातीला उभे. वाटेत पाणी देणारं कोणी नाही, प्रत्येकाने आपापले मदतनीस आणायचे. जॉन डनबर आघाडीवर होता. धावताना त्याच्या माणसांकडचं पाणी संपलं, म्हणून त्यांनी त्याला बीअर दिली. गॉर्डन हॅलरने त्याला गाठलं आणि ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला आला. १५ पैकी १२ जणांनी शर्यत पूर्ण केली.

इथपर्यंतची गोष्ट कुठेही वाचायला मिळते. मी मात्र डीएनएफवाला माणूस, म्हणून निकालाची यादी खालून वाचली. सगळ्यात शेवटचा, हॅरॉल्ड आयर्विंग, वेळ २१ तास ३८ सेकंद. आणि नवव्या क्रमांकावर खुद्द जॉन कॉलिन्स, वेळ १७ तास ३८ सेकंद.

आज पूर्ण आयर्नमॅनची मर्यादा साधारणपणे १७ तासांची असते. म्हणजे ज्याने ही शर्यत शोधून काढली, तो आजच्या नियमाने अडतीस सेकंद उशिरा आला असता! त्या बारांपैकी चार जण बाद झाले असते.

हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. बघा, कटऑफ म्हणजे नुसता आकडा! पण हे समाधान दोन दिवस टिकलं, कारण मी पुढे वाचत गेलो.

१९७९ च्या शर्यतीच्या वेळी बॅरी मॅकडरमॉट नावाचा पत्रकार गोल्फची बातमी करायला हवाईत होता. त्याने 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' मासिकात या खुळ्या शर्यतीवर मोठा लेख लिहिला आणि चौकशीची पत्रं येऊ लागली. त्याच वर्षी लिन लेमेअर ही पहिली स्त्री उतरली आणि सगळ्यांत मिळून पाचवी आली. १९८० मध्ये टीव्ही आला. १९८१ मध्ये गर्दीमुळे शर्यत हवाईच्याच मोठ्या बेटावर, कोनाला, लाव्हाच्या काळ्या माळावर गेली.

मग फेब्रुवारी १९८२. ज्युली मॉस, २३ वर्षांची कॉलेजची विद्यार्थिनी, आपल्या प्रबंधाच्या निमित्ताने शर्यतीत आली होती. सगळ्या बायकांत ती पुढे होती. शेवट जवळ आला आणि पायांनी दगा दिला. पडली, उठली, परत पडली. काही मीटर उरले असताना कॅथलीन मॅकार्टनी तिच्या बाजूने निघून गेली आणि जिंकली. ज्युली हातापायांवर रांगत रेषेपर्यंत गेली. फरक २९ सेकंदांचा. ते टीव्हीवर पाहून किती जणांनी सायकली बाहेर काढल्या त्याची गणती नाही.

आणि नोव्हेंबर २०२०. फ्लोरिडात ख्रिस निकिक या २१ वर्षांच्या मुलाने आयर्नमॅन पूर्ण केली. डाउन सिंड्रोम असलेला हे करणारा जगातला पहिला माणूस. वाटेत तो सायकलवरून पडला होता. वेळ १६ तास ४६ मिनिटं ९ सेकंद, मर्यादेच्या सुमारे १४ मिनिटं आधी. समजा, त्याला कोणी कौतुकाने वेळ वाढवून दिला असता तर? त्याच्या पराक्रमावर कायमचा एक 'पण' चिकटला असता. सगळ्यांना जो नियम तोच त्याला, म्हणून त्याच्या पदकाला कोणी बोट लावू शकत नाही.

इथे माझा युक्तिवाद पडला. कॉलिन्सच्या शर्यतीत मर्यादाच नव्हती, त्यामुळे तो उशिरा आलाच नव्हता. माझ्या शर्यतीत होती, ती मला आधीपासून माहीत होती आणि ती मान्य करूनच मी फी भरली होती. शिवाय गावचे रस्ते आणि समुद्रातल्या बोटी माझ्यासाठी किती वेळ अडवून ठेवणार?

पहिल्या शर्यतीच्या सूचनापत्रावर कॉलिन्सने तिन्ही अंतरं लिहून पुढे गमतीत लिहिलं होतं की एवढं करा आणि मग जन्मभर बढाया मारत फिरा. बढाई मारायची मुभा आहे, पण अंतरं कापल्यावर. मी अंतर अर्धवट सोडून केक कापला होता.

आपल्याकडे आता ही हौस चांगलीच रुजली आहे. माझ्या आईने 'आयर्नमॅन' हा शब्द ऐकला तो २०१५ मध्ये, मिलिंद सोमणने पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची शर्यत पूर्ण केली तेव्हा. २०१९ पासून गोव्याला मिरामारच्या किनाऱ्यावर हाफ आयर्नमॅन व्हायला लागली. पहाटे पाचला सायकल काढणारे आयटीवाले, डॉक्टर, पोलीस तुम्हीही बघितले असतील. हौसेला मोल नसतं म्हणतात. सायकलच्या किमती बघितल्यावर मी यावर वाद घालू शकतो, पण ते असो.

एक गोष्ट मात्र मला धरून ठेवते. १९७८ ची गोष्ट सांगताना कोणीही "बारा जण धावले" असं म्हणत नाही. सगळे "पंधरा जण उतरले, बारा पोचले" असंच सांगतात. न पोचलेले तिघेही मोजले जातात. त्यांनी पोचलो म्हणून खोटं सांगितलं असतं, तर तो आकडाच बिघडला असता.

तर हा भाग रेकॉर्ड करण्याआधी, शुक्रवारी, मी टीमला सगळं खरं सांगितलं. कॉलवर दोन सेकंद शांतता. मग आमची टेस्टर म्हणाली, "मला तेव्हाच शंका आलेली. आता केकचे पैसे परत दे." दिले.

पुढच्या मोसमाचा फॉर्म भरलाय. सध्या रोज रात्री जेवण झालं की हॉलमध्ये मागचं चाक काढून ट्यूब बदलतो. कालची वेळ सात मिनिटं दहा सेकंद. बाबा टीव्ही बघता बघता घड्याळ लावतात आणि "कालच्यापेक्षा हळू" असं सांगतात.

तुमचंही असं एखादं डीएनएफ असेल तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!