खडकातल्या भेगा आणि अनुमानाची कसोटी

आपलं शहर काळ्या पाषाणावर उभं आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजला, आकसला आणि भेगाळला. या खडकात पाणी असतं ते मुख्यतः भेगांत आणि झिजलेल्या थरांत. म्हणून एका बोअरला पाणी लागतं आणि तीस फुटांवरचा कोरडा जातो.

न दिसणाऱ्या या भेगा ओळखायच्या कशा? हा प्रश्न जुनाच. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत जमिनीखालच्या पाण्याच्या ‘शिरा’ सांगितल्या. झाडं आणि वारुळं ही त्यांची चिन्हं मानली. मलिक अंबरने 1610 साली खडकी वसवली. पुढे डोंगरातलं झिरपणारं पाणी भुयारी नहरींनी गावात आलं. तेही चिन्हांवरून केलेलं अनुमानच.

घट्ट खडकातल्या तेलाचं कोडंही असंच आहे. 1963 साली वॉरेन आणि रूट यांनी भेगाळलेला खडक साखरेच्या खड्यांच्या रचनेसारखा कल्पून गणित मांडलं. गणित सुटसुटीत झालं, पण निसर्गातल्या भेगा अशा चौकोनी शिस्तीत नसतात. आता हे काम न्यूरल नेटवर्ककडे आलंय. खोदलेल्या विहिरींतली मोजमापं आणि तिथे दिसलेल्या भेगा त्याला दाखवायच्या. मग दोन विहिरींमधल्या अदृश्य जाळ्याचा अंदाज ते देतं.

आपल्या नैयायिकांच्या भाषेत, यंत्र इथे व्याप्ती शिकतं. पण नैयायिक लगेच विचारेल, उपाधी तपासलीत का? जिथे अग्नी तिथे धूर, हे लाकूड ओलं असेल तरच खरं. तसं एका क्षेत्रात शिकलेला नियम दुसऱ्या खडकात चालेलच असं नाही. म्हणून काही विहिरी यंत्रापासून लपवून ठेवायच्या आणि त्यांच्यावर त्याची परीक्षा घ्यायची.

आता मराठवाड्याकडे वळू. 1972च्या दुष्काळानंतर बोअर वाढत गेले. पाणी लागलेल्या बोअरची आठवण गावभर राहते, कोरड्याची नोंद सहसा कुणी ठेवत नाही. फक्त यशच दाखवलं तर यंत्राला सगळीकडे पाणीच दिसणार! तेल कंपनीची कोरडी विहीर हिशेबाच्या वहीत जिरते. शेतकऱ्याची मात्र कर्जाच्या वहीत चढते. तेव्हा आपल्याकडे असं यंत्र आणायचं असेल, तर पहिलं काम साधं आहे: गावोगावच्या कोरड्या बोअरची जागा, खोली आणि लागलेला खडक लिहून ठेवणं.